फिरतीवरची काफी

माझं अक्षर किरटं आहे. शाळा चौथ्या इयत्तेपर्यंत झाली, ती ठाण्याच्या मुलींच्या शाळेत. पुढे लग्न झालं आणि लेखणी सुटली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही नीट येत नव्हतं, आता तर अंदाजानेच चालतं. माणसांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून कागदावर बोलून बघते आहे. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर शुद्धलेखनाला खुशाल हसावं, मजकुराला हसू नये.

गार वारं सुटलं आहे. सकाळी कौलांवरून दव टपकतं आणि अंगणातली धूळ दबून राहते. काल दुपारी कचेरीच्या बाजूला गाड्यांची चाकं काढून आसांना वंगण देत होते; तो तेलकट, जळकट वास आमच्या परसापर्यंत आला. म्हणजे मामलेदारांची फिरती निघणार. पावसाळा सरला, भातं कापून झाली, की कल्याणचे मामलेदार गावोगाव हिंडायला निघतात, ते शिमगा जवळ येईपर्यंत. कागदांच्या पेट्या, राहुट्या, शिपाई, कारकून, सगळी कचेरीच बैलांच्या मागे चालू लागते. या दिवसांत माझ्या तोंडाला काफीची चव येते. काफी मी केव्हाच सोडली आहे, तरी येते.

एकाच वर्षी मी त्या फिरतीबरोबर होते. तेवढी एक थंडी माझ्या अंगातून गेलेली नाही.

काफी मला आईने शिकवली. आई धारवाडकडची. तिच्या माहेरी सकाळ काफीने उजाडायची. लग्न होऊन ती ठाण्याला नौपाड्यात आली, तेव्हा लुगड्यांच्या खाली पुरचुंडीत हिरवं बी बांधून घेऊन आली होती. शेजारणी म्हणत, "हे जळकं पाणी कशाला गं पितेस?" आई हसायची आणि त्यांनाही फुलपात्रभर द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणी विरजण मागायच्या निमित्ताने परत यायच्या आणि विरजण विसरून जायच्या.

लोखंडी कढई, मंद जाळ, तुपाचं एक बोट. उलथणं थांबवायचं नाही. आधी ओल्या हरभऱ्यासारखा वास येतो, मग भाजल्या दाण्यासारखा, मग बी तडतडायला लागतं. "आता गप्प," आई म्हणायची. "आता कान इकडे." हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच कढई उतरवायची आणि बी सुपात पसरायचं, कारण जाळावरून काढलं तरी ते आतल्या आत भाजतच राहतं. कुटायचा खल वेगळा. ज्यात मिरी कुटली तो चालत नाही. पाणी उकळलं की खाली घ्यायचं, बुडबुडे थांबले की पूड टाकायची, झाकायचं, निवळू द्यायचं, मलमलीतून गाळायचं. मग तापलेलं दूध, साखर, आणि सहाणेवर जायफळाचा एक फेर. दुसरा फेर दिला की औषध होतं. जायफळ आई आधी निखाऱ्यावर शेकून घ्यायची. असं करणारं दुसरं माणूस मी आजवर पाहिलं नाही.

शिकवताना तिला खोकला यायचा. तोंडावर पदर धरून ती बाजूला व्हायची आणि हाताने मला खुणावायची, की तू हलवत राहा.

माझ्या लग्नात हुंड्यातले शंभर रुपये द्यायचे राहिले. वडील म्हणाले, दिवाळीला देतो. दिवाळीला ते कल्याणला आले, ओटीवर बसले. उन्हातून चालत आलेले, ओठ सुकलेले. मी दाराआडून पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी हात जोडले. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा घेत नाही, ही आमच्याकडची रीत. "मुलीच्या घरचं कसं घेऊ?" असं म्हणताना त्यांचा आवाज जड झाला. सगळ्यांना फार बरं वाटलं. रुपये त्यांनी आणले नव्हते.

"व्याही रीतीला पक्के आहेत," ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या. "पाण्याच्या रीतीला. रुपयांच्या रीतीचं बघू." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शंभर रुपये येतील त्या दिवशी मुलगी माहेरी जाईल. तोवर माहेर नाही, सण नाही, आई नाही."

शेवटचे दोन शब्द त्यांनी निराळे, सावकाश म्हटले. आईचा दमा वाढल्याचा निरोप त्याच सुमाराला आला होता, तो त्यांनी ऐकला होता. कल्याणहून ठाणं काही परमुलूख नाही. आगगाडी होती, गाड्या होत्या, पायी जाणारे पायी जात. वडिलांकडे रुपये नव्हते असंही नाही. त्या वर्षी त्यांनी घरावर माडी चढवली. माडीला लाकूड सागाचं वापरलं, हे येणाराजाणारा मला सांगत असे.

त्या वेळचे मामलेदार रावसाहेब विधुर होते. बेळगावकडे नोकरी करून आलेले, पोट नाजूक, जीभ त्याहून नाजूक. चहाने त्यांना जळजळ व्हायची. आमच्याकडचे, म्हणजे माझे यजमान, त्यांच्या हाताखाली कारकून. एकदा त्यांनी घरची काफी झाकणाच्या लोटीतून कचेरीत नेली. संध्याकाळी लोटी घासल्यासारखी स्वच्छ परत आली. त्यानंतर रोज जाऊ लागली. फिरतीचे दिवस आले तेव्हा रावसाहेब म्हणाले, "लोटी गावोगाव कशी येणार हो? करणारं माणूसच घ्या बरोबर." आमच्याकडचे घरी येऊन हे सांगताना इतके खूश होते, की पगारवाढ झाल्यासारखं वाटावं. सासूबाई सोबत येणार होत्या. त्या विधवा, सोवळ्यातल्या. रावसाहेबांचा स्वैपाक त्या करणार, काफी मी. घर मोठ्या जाऊबाई सांभाळणार.

असं आमचं घर चाकांवर चढलं. चटईच्या छपराची बैलगाडी, आत पेंढा, पेंढ्यावर जाजम, पुढे मागे पडदा. छपराच्या बांबूला सूप टांगलेलं, आसाखाली शिंक्यात कढई, कोपऱ्यात खल, मलमल, जायफळाची डबी. गाडीवान आगरी होता, वयाने बराच मोठा, बैलांशी भांडत चालायचा. "बाय, धर घट्ट, खड्डा येतं," असं ओरडायचा, तेव्हा खड्डा मागे गेलेला असायचा. मी दोन्ही हातांनी काफीचा डबा धरून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "नवऱ्याला धरून ठेवलं असतंस एवढं, तर बढती झाली असती त्याची."

फिरतीवर काफी करणं हे घरच्यासारखं नाही. तीन दगडांची चूल, आणि वारा खाडीचा. जाळ कढईखाली राहतच नाही, माझ्या लुगड्याकडे येतो. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात काफी टाकली की लोखंड चाटल्यासारखी लागते. म्हणून वाटेत गोड्या पाण्याची विहीर लागेल तिथे कळशी भरून घ्यायची आणि ती काफीखेरीज कशाला वापरायची नाही, तहानेलासुद्धा नाही. बी रोजचं रोज भाजायचं, कारण दवाने पूड एका रात्रीत ओली होते.

आणि यावर सासूबाईंचा नियम. प्रवासात पाण्यात शिजवलेलं सोवळ्याला चालत नाही, दुधात शिजवलेलं चालतं. म्हणून काफीत पाण्याचा थेंब नको. मी भीतभीत म्हटलं, "दुधात पूड उतरत नाही." त्या म्हणाल्या, "मग तू उतर गाडीतून आणि उतरव." पहिल्या मुक्कामाला दुधातली काफी रावसाहेबांनी घोटभर घेऊन मातीत ओतली. आमच्याकडचे राहुटीतून आले, माझ्याजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या अशी झाली तर तुला इथेच सोडून पुढे जाऊ." ते ओरडत नसत. ओरडणारी माणसं मला नंतर कधी भयंकर वाटली नाहीत.

मग मी पूड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून थंड दुधात सोडली आणि भांडं विझत्या राखेत पुरून ठेवलं. दूध उकळू दिलं नाही, नुसतं ऊन राहू दिलं. बऱ्याच वेळाने झाकण काढलं तर दुधाला कातडीचा रंग आला होता आणि वास असा की गाडीवानाने बैलांना सोडून इकडे बघितलं. रावसाहेबांनी दोनदा मागून घेतली. "कारकून," ते हसत म्हणाले, "तुमच्या घरातलं हे माणूस कोणी पळवलं, तर तुम्हाला ठेवून काय करू हो मी?" सगळे हसले, आमच्याकडचे सर्वांत मोठ्याने. माझ्या वाटणीला पुरचुंडीतला चोथा. तो मी कळशीच्या तळच्या पाण्यात परत उकळून पीत असे. तेव्हा नियम नव्हता.

आता घरात सुखाची चूल आहे, हवं तेवढं गोड पाणी आहे, सोवळ्याचं बोलणारं कोणी राहिलेलं नाही. आमच्याकडचे पेन्शनीत गेले, चहा पितात. काफी कर म्हणून त्यांनी एकदा सुचवून बघितलं. मी म्हटलं, "बी मिळत नाही." बाजारात गोणी भरून असतं.

पौषात रावसाहेबांना कलेक्टरसाहेबांना भेटायला ठाण्याला जायचं होतं. सगळा लवाजमा कळव्याकडून खाडी ओलांडून गेला आणि तळ्याच्या काठी झाडांखाली मुक्काम पडला. पडद्याच्या फटीतून मला देवळाचा कळस दिसला, मग नौपाड्याकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्यावरचा प्रत्येक दगड मला ओळखीचा. शाळेतून येताना मी त्यांवरून उड्या मारत आले होते. धावत गेले असते तर बैलांना पाणी पाजून होण्याआधी आईपाशी पोचले असते.

सासूबाई माळ ओढत म्हणाल्या, "बघ, बघ. बघायला रुपये पडत नाहीत."

तिसऱ्या प्रहरी काफी मागवली. मी भांडं पडद्याखालून दिलं. तेवढ्यात एक गृहस्थ रावसाहेबांना भेटायला आले. आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं झाकण पेंढ्यात पडलं. वडील होते. माझ्या भावाला कल्याणच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून घ्यावं, अशी रदबदली करायला आले होते. बोलणं गोड, वाकणं पुरतं. रावसाहेब खुशीत होते. म्हणाले, "ते बघू. आधी काफी घ्या. अशी ठाण्यात मिळायची नाही."

वडील थांबले. समोर जावई उभा, जावयाच्या मागे गाडी, गाडीला पडदा. पुरुषमाणसांच्या फिरतीत पडद्याची गाडी कशाला असते, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी विचारलं, "केली कोणी?"

रावसाहेब शिपायाशी बोलायला वळले होते, तेवढ्यात आमच्याकडचे हळूच म्हणाले, "स्वैपाकीणबाईने. रावसाहेबांकडचीच आहे."

"मग हरकत नाही," वडील म्हणाले आणि पेला हातात घेतला.

तो ओठांशी नेला आणि तिथेच धरून राहिले. शेकल्या जायफळाचा वास त्यांच्या नाकात गेला असणार. रोज सकाळी त्यांच्याच स्वैपाकघरातून निघणारा वास. ओळखला, असं म्हटलं असतं, तर पेला खाली ठेवावा लागला असता. मुलीच्या सासरचं झालं असतं. आणि रावसाहेबांनी दिलेला पेला खाली ठेवला असता, तर भावाची उमेदवारी तिथेच राहिली असती. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मी फटीपाशी होते, आमची नजर भेटली की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. मग ते काफी प्यायले. तळापर्यंत. पेला परत देताना म्हणाले, "उत्तम. जायफळ फार बेताने शेकलंय."

माझं मनगट सासूबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते दाबलंसुद्धा नाही, नुसतं धरलं होतं. माझ्या कानाशी त्या म्हणाल्या, "ऐकलंस? बापाने प्यायली. म्हणजे आत मुलगी नाही. आता रडतेस कोणासाठी?" आणि आतल्या आत इतक्या हसल्या की गाडी हलली.

वडिलांचे जोडे नौपाड्याच्या रस्त्याने वाजत गेले. पेला माझ्याकडे धुवायला आला.

संध्याकाळी आमच्याकडचे आपल्या आईला सांगत होते, "रावसाहेबांना कळलं असतं की हिचं माहेर इथे आहे, तर जा म्हणाले असते. मग रात्रीची काफी कोणी केली असती?" सासूबाई म्हणाल्या, "शहाणा आहेस."

थंडी या गावांत कशी येते हे बाहेरच्याला कळायचं नाही. ती खाडीवरून, मिठागरांवरून सरपटत येते, पांढरी, जमिनीलगत. विठ्ठलवाडी, मानपाडा, सगळीकडे भाताचे खुंट, शेकोट्या, गुरांच्या तोंडातून निघणारी वाफ. आमच्या काफीच्या भांड्यातून निघे तशीच. त्या वाफेकडे बघत मी मनात आईशी बोलायची, की पुरचुंडीची युक्ती तुला दाखवते, दुधातही उतरते गं, आच मात्र धीराची हवी. भेटल्यावर सांगायचं म्हणून असं बरंच काही मी जमवून ठेवलं होतं. भेटीसाठी शंभर रुपये पाहिजेत, आज नाही तर उद्या वडील देतील, इतकंच डोक्यात होतं.

मानपाड्याच्या मुक्कामी सकाळीच ठाण्याहून एक माणूस आला. आमच्याकडच्यांशी बैलांपलीकडे उभं राहून बोलला आणि काही न खाता परत गेला. मग मायलेकांचं कुजबुजत बोलणं झालं. गाडीवान तिथेच बैलांना पेंढा टाकत होता. मी चुलीपाशी होते. रावसाहेबांची काफी झाली, ती गेली. आणि सासूबाईंनी भांड्यात उरलेली सगळी काफी पेल्यात ओतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"घे," म्हणाल्या. "आज पेलाभर घे. गारठा फार आहे."

त्या फिरतीत पहिल्यांदा मला चोथ्याची सोडून खरी काफी मिळत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आपलं काम यांना पटलं. मी ती सावकाश, जिभेवर धरून प्यायले. चांगली झाली होती. इतकी चांगली काफी मी त्यानंतर कधी केली नाही. सासूबाई मी संपवेपर्यंत बघत बसल्या होत्या.

गाडीवान त्या दिवसापासून बैलांशी भांडेनासा झाला. खड्डा आला तरी ओरडायचा नाही, नुसता बैलांचा वेग कमी करायचा. मला वाटलं, त्याला बरं नसेल.

शिमग्याच्या तोंडावर फिरती संपली. कल्याणला घरासमोर गाडी उभी राहिली. सामान उतरवताना कढई माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "बाय, तुजी आय गेली, लय वाईट झाला. रस्त्यान कशाला बोलू म्हनून मी गप होतू." त्याला वाटत होतं मला ठाऊक आहे.

मी कढई घेऊन आत गेले. सासूबाई पाय धूत होत्या. माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न निघाला. "मला सांगितलं का नाही?"

त्यांनी पाय पुसले. "सांगितलं असतं तर सुतक आलं असतं. सुतकात तुझ्या हातची काफी रावसाहेबांना कशी द्यायची? तुझ्या नवऱ्याच्या बढतीचं त्याच दिवसांत लिहिणार होते ते. सुतक कळल्यापासून लागतं. कळलं नव्हतं, लागलं नव्हतं. आता कळलंय, अंघोळ कर." आणि थोड्या मऊ आवाजात, "जाऊन तरी काय करणार होतीस? रुपये कुठे आले होते?"

मी डोक्यावरून अंघोळ केली. पाणी काफीच्या कळशीतलं उरलेलं होतं, तेच जवळ होतं. ओल्या अंगाने उभी असताना मला सारखं एकच आठवत होतं, की मानपाड्याला मी पेला पुसून चाटला होता.

बढती झाली. माझ्या भावालाही कचेरीत घेतलं. रावसाहेबांची बदली झाली, निरोपाच्या दिवशी त्यांनी मला खण पाठवला. तो अजून आहे. घड्यांवर कसर लागली आहे. त्यांना शेवटपर्यंत काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर मी रागावू शकले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या थंडीत, असंच दव पडायला लागलेलं असताना, वडील आले. अंगावर नवं उपरणं, दाढी ताजी केलेली. ओटीवर बसले आणि कनवटीची थैली काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. मी स्वैपाकघराच्या दाराआड होते.

"विहीणबाई, शंभर आहेत. वाजवून घ्या."

"बरी आठवण झाली," सासूबाई म्हणाल्या.

"घरात बाईमाणूस नाही, आबाळ होते. पुढच्या महिन्यात लग्न करतोय. मुलगी पेणकडची आहे. लहान आहे, अजून स्वैपाक येत नाही. हिला पाठवा, लग्नघरात हात लागेल. तिला चार गोष्टी शिकवील."

"लहान म्हणजे केवढी?"

"हिच्याहून लहान."

सासूबाई एकेक रुपया जोत्याच्या दगडावर टाकून वाजवू लागल्या. राणीच्या मुखवट्याचे, चकचकीत, एका हातून नुकतेच निघालेले रुपये. एक बद्द वाजला. वडिलांनी मुकाट्याने कनवटीतून दुसरा काढून दिला.

"हे त्या मुलीच्या बापाकडचेच का?"

"त्यातलेच."

"सगळा हुंडा दिला त्याने?"

"थोडा राहिलाय," वडील हसून म्हणाले. "देईल. मुलगी एकदा आमच्याकडे आली, की न देऊन जातो कुठे?"

"तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या. शेवटचा रुपया त्यांनी दोनदा वाजवला. तो दोन्ही वेळा खणखणीत वाजला. मग सगळे गोळा करून थैलीत भरले, थैलीचं तोंड आवळून बांधलं आणि दाराकडे वळून मला म्हणाल्या, "ऊठ, लुगडी बांध. फिटले."